संत्र्याचा बहार : एका शोधाचा इतिहास

'बहार' हा शब्द मूळचा फारसी आणि त्याचा अर्थ वसंत. तेव्हा वसंत व्याख्यानमालेत संत्र्याच्या बहाराविषयी बोलण्यास निदान नावापुरती तरी हरकत नसावी. परंतु याच विषयाचे दुसरे नाव सांगितले म्हणजे पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. ते नाव म्हणजे लिंबूवर्गीय झाडांच्या फुलण्याफळण्याचे रेणवीय जीवशास्त्र. रेणू, जनुके, प्रथिने हा पंडितांचा प्रांत. कामगारांच्या संघटनेत ज्यांचे आयुष्य गेले, ज्यांनी पन्नाशी ओलांडली पण महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही, अशा आमच्यासारख्याने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वाजवीच म्हणावा लागेल.

त्याला आमचे उत्तर असे आहे. झाडाला 'आता फुलावर ये' असे कोण सांगते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी १८६५ च्या सुमारास पद्धतशीरपणे हाती घेतला आणि त्याचे नेमके उत्तर त्यांना २००७ साली मिळाले. सुमारे १४० वर्षे लागली. पण बागेत राबणाऱ्या माणसाने त्या झाडाला हुकमी फुलावर आणण्याची युक्ती त्यापूर्वीच साधली होती. हाताला जे ठाऊक होते ते डोक्याला उशिरा कळले. आणि डोक्याला जे कळले ते पुन्हा हातापर्यंत अद्याप नीटसे पोचलेले नाही. हा इतिहास सांगावासा वाटतो तो एवढ्यासाठीच.

बागेतले ज्ञान

नागपूर, काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना 'बहार धरणे' हा शब्दप्रयोग नवा नाही. उष्ण मुलखात संत्र्याला मोकळे सोडले तर ते वर्षभर अधूनमधून नवती काढते आणि थोडीथोडी फुले देत राहते. असे विस्कळीत पीक बाजाराच्या कामाचे नाही. म्हणून बागवानाने वर्षाचे भाग पाडले. आंब्याच्या मोहराच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात तो आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबरपासून पुढे तोडणीला येतात. मृगाच्या पावसावर, जून-जुलैत फुले येतात तो मृग बहार; त्याची फळे पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तयार होतात. तिसरा हस्ताचा.

मृग बहार धरायचा तर एप्रिल-मे महिन्यांत झाडाचे पाणी तोडतात. भर उन्हात झाड सुकू लागते, पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. याला 'ताण देणे' म्हणतात. भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते म्हणून ताण अधिक दिवसांचा, हलक्या जमिनीत कमी दिवसांचा. मग पाऊस पडला की ताण तुटतो आणि दोनतीन आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. विहिरीच्या पाण्यावर ताण तोडायचा झाल्यास पहिले पाणी हलके द्यायचे, ते आंबवणीचे; त्यानंतरचे चिंबवणीचे. एवढी नाजूक कला ज्या भाषेत दोन शब्दांत मावते त्या भाषेच्या मागे पुष्कळ पिढ्यांचे निरीक्षण असले पाहिजे.

आता हजारो मैल दूर असलेल्या सिसिली बेटाकडे पाहा. तेथले बागवान जून-जुलैत लेमनच्या झाडांचे पाणी तोडतात, पाने कोमेजली म्हणजे भरपूर पाणी व खत देतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फुले येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा बाजारात लेमन कमी असतात तेव्हा, हिरवट फळांचे चांगले पैसे होतात. या फळांना तेथे 'वेर्देल्ली' म्हणतात. सिसिलीच्या बागवानाने वरूडच्या बागवानाचे पुस्तक वाचले नव्हते आणि वरूडच्याने सिसिलीचे. दोघांनी एकाच जातीच्या झाडापुढे वर्षानुवर्षे उभे राहून एकच निष्कर्ष काढला.

मात्र अशा ज्ञानाला एक मर्यादा असते. काय करावे ते त्याला ठाऊक असते. केल्यावर झाडाच्या आत काय घडते ते ठाऊक नसते. बागांत काम करणाऱ्या मजुरांच्या बैठकींत आम्ही अनेकदा विचारले आहे की पाणी का तोडायचे? उत्तर बहुधा दोनांपैकी एक मिळते : 'मालक सांगतो म्हणून', किंवा 'बाप तसेच करीत होता म्हणून'. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

कुळाची हकीकत

या झाडाचे कूळ थोडक्यात सांगितले पाहिजे. जगातल्या अनेक लिंबूवर्गीय जातींची जनुके वाचून २०१८ साली शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला की या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्वभाग, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युन्नान प्रांत या टापूत असावे. आणि तेथून त्याच्या शाखा सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी पसरू लागल्या. पपनस, महाळुंग आणि संत्र्याची जात ही त्यातली मूळ घराणी. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच महाळुंग. मोसंबे हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झाले. महाळुंगाच्या संकरातून एकीकडे युरोपचा लेमन झाला आणि दुसरीकडे आपले कागदी लिंबू. फळाबरोबर नावानेही प्रवास केला. संस्कृत 'नारंग' फारसीत गेला, तेथून अरबीत 'नारंज' झाला आणि स्पेनमध्ये 'नारांखा' होऊन बसला.

या झाडाच्या माहेरी पावसाळा, त्यानंतर थंड व कोरडा काळ, आणि मग पुन्हा ओलावा, असे ऋतूंचे चक्र आहे. थंडी किंवा कोरड भोगल्यावर फुलण्याची या झाडाची सवय माहेरचीच असावी, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

पान की डोळा?

फूल उमलते ते डोळ्यातून. तेव्हा फुलण्याचा निर्णयही डोळ्यातच होत असेल, असे कोणालाही वाटेल. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी १८६५ च्या सुमारास हे तपासून पाहिले. त्यांनी वेलीचा शेंडा अंधारात ठेवला आणि पाने उजेडात राहू दिली. अंधारातल्या शेंड्यालाही फुले आली. त्यावरून साक्स यांनी असा विचार मांडला की पानांत काही पदार्थ तयार होत असावेत आणि ते डोळ्याकडे जाऊन फुले घडवीत असावेत.

पुढचे मोठे पाऊल अमेरिकेत पडले. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावरून वाढे, पण फुलावर येत नसे. आणि तोच हिवाळ्यात काचघरात आखूड असतानाही फुले. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी उष्णता, ओलावा, खत, सारे तपासले. आणि अखेर झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोपटात कोंडून दिवस आखूड करून पाहिला. तंबाखू फुलला. १९२० साली त्यांनी जाहीर केले की पुष्कळ वनस्पती दिवसाची लांबी मोजतात. ही मोजणी कोण करते? १९३४ साली नॉट या शास्त्रज्ञाने पालकाच्या भाजीवर प्रयोग करून दाखविले की मोजणी पान करते.

यानंतर सोव्हिएत रशियातील मिखाईल चैलाख्यान या आर्मेनियन शास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. त्यांनी शेवंतीची झाडे घेतली. शेवंती लहान दिवसांत फुलते. त्यांनी झाडाच्या वरच्या भागातली पाने काढून टाकली; मग खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि वरच्या उघड्या शेंड्याला मोठा दिवस. झाड फुलले. उलट केले तेव्हा फुलले नाही. म्हणजे निर्णय पानाचा, आणि पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो, यात शंका उरली नाही. या निरोप्याला त्यांनी १९३६-३७ च्या सुमारास 'फ्लोरिजेन' म्हणजे 'फूल जन्मास घालणारे' असे नाव दिले.

कामगार चळवळीतल्या माणसाला ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. संपाची घोषणा गिरणीच्या फाटकावर होते, आणि वर्तमानपत्रांना वाटते की निर्णय फाटकावरच झाला. निर्णय त्याच्या कितीतरी आधी खात्याखात्यातून झालेला असतो. झाडाचे फाटक म्हणजे डोळा, आणि खाती म्हणजे पाने.

चैलाख्यान यांच्या नशिबी पुढे जे आले ते सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. त्या काळी रशियाच्या शेतकीशास्त्रावर लायसेंको याचा पगडा बसत चालला होता. वनस्पतींत संप्रेरके असतात ही कल्पनाच त्याच्या पंथाला मान्य नव्हती. चैलाख्यान यांच्या प्रबंधाची वाट अडविण्यात आली आणि त्यांना अनेक वर्षे त्रास सोसावा लागला. लायसेंकोला विरोध करणारे थोर शास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले. आणि १९४८ साली जनुकशास्त्रालाच त्या देशात बंदी झाल्यासारखी झाली. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात हे घडले. ते कामगार चळवळीतल्या माणसांनी इतरांआधी आणि स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. शेवंतीचे पान कोणत्याही पक्षाचा ठराव वाचत नाही. चैलाख्यान या साऱ्यातून तगले, त्यांनी आपले काम सोडले नाही, आणि १९९१ साली ते निवर्तले. त्यांच्या निरोप्याचा चेहरा मात्र त्यांना पाहावयास मिळाला नाही.

निरोप्याचा शोध

फुलणाऱ्या झाडाचे पान न फुलणाऱ्या झाडावर कलम केले तर तेही फुलते, हे अनेक ठिकाणी सिद्ध झाले. निरोप्या आहे हे नक्की. पण हाती लागेना. रसायनशास्त्रज्ञांनी पानांचे अर्क काढले, गाळले, फवारले, पण खात्रीचा निकाल येईना. हळूहळू पुष्कळांचा या कल्पनेवरचा विश्वासच उडाला. आज मागे वळून पाहता कारण दिसते. सर्वजण लहान, साध्या घडणीच्या रसायनाच्या शोधात होते. आणि निरोप्या निघाला प्रथिन, म्हणजे आकाराने मोठा आणि अर्कात सहज न टिकणारा.

उत्तर शेवटी बागेतून किंवा शेतातून आले नाही. ते मोहरीच्या कुळातल्या, अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या एका क्षुद्र तणातून आले. हे तण दीडदोन महिन्यांत बी देते, म्हणून प्रयोगाला सोयीचे. हॉलंडमध्ये कूर्नीफ आणि त्यांचे सहकारी यांनी या तणाची फुलायला उशीर लावणारी बिघडलेली वाणे गोळा करून १९९१ साली त्यांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांतल्या एका वाणात जे जनुक बिघडलेले होते त्याला 'एफटी' असे दोन अक्षरी नाव आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी ते जनुक वेगळे काढून वाचले.

यानंतर २००५ साली स्वीडनमधल्या एका गटाने जाहीर केले की या जनुकाची नक्कल, म्हणजे प्रथिन बनण्यापूर्वीचा आरएनए, पानातून शेंड्याकडे जातो. मोठा गाजावाजा झाला. पण २००७ साली तो दावा जाहीरपणे मागे घेण्यात आला. त्याच वर्षी जर्मनीत कोलोन येथे कूपलँड यांच्या गटाने त्या तणात, आणि जपानमध्ये नारा येथे शिमामोतो यांच्या गटाने भातात, दाखवून दिले की प्रवास करते ते प्रत्यक्ष प्रथिनच. सुमारे १७५ घटकांची ही साखळी पानाच्या शिरांत तयार होते, अन्नरसाच्या वाहिनीतून शेंड्याला पोचते, तेथे दुसऱ्या एका प्रथिनाशी हातमिळवणी करते आणि फूल घडविणाऱ्या जनुकांना जागे करते. चैलाख्यान यांचा निरोप्या तो हाच. नाव ठेवल्यापासून ओळख पटेपर्यंत ७० वर्षे गेली.

चुकीचा दावा दोन वर्षांत उघडपणे मागे घेतला जातो, आणि दुसरीकडे बरोबर सिद्धान्त मांडणाऱ्याला वर्षानुवर्षे गप्प बसविले जाते. शास्त्र कोठे वाढते आणि कोठे खुरटते, हे या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

ताणाचा अर्थ

आता पुन्हा संत्र्याच्या बागेत येऊ. संत्रे तंबाखूसारखा दिवस मोजीत बसत नाही. १९८६ साली फ्लोरिडातील साउथविक आणि डेव्हनपोर्ट यांनी कुंड्यांतल्या लिंबाच्या झाडांवर प्रयोग करून दाखविले की काही आठवडे थंडी दिली तरी फुले येतात आणि पाणी तोडले तरी येतात. म्हणजे आपला आंबिया आणि आपला मृग, दोन्ही त्यांनी कुंडीत आणून दाखविले. पण आत काय घडते, हा प्रश्न राहिलाच होता.

जपानी शास्त्रज्ञांनी २००७ साली तिकडच्या बिनबियांच्या 'सात्सुमा' संत्र्यावर दाखविले की थंडी पडू लागली म्हणजे संत्र्यातल्या एफटी जनुकाचे काम वाढत जाते. २०१३ साली फ्लोरिडात मोसंबीच्या जातीवर असे दिसले की पाण्याचा ताण बसला म्हणजेही तेच जनुक जोराने काम करू लागते. दोन वेगळ्या वाटा एकाच दाराशी येतात. काटोलचा बागवान मे महिन्यात पाटाचे पाणी बंद करतो तेव्हा तो पानांना निरोप लिहावयास लावीत असतो. आणि मृगाचा पाऊस पडतो तेव्हा निरोप मिळालेले डोळे फुटतात. ताण निरोप लिहवितो, पाणी डोळा उघडते. दोन्ही कामे वेगळी आहेत, आणि ती त्याच क्रमाने झाली पाहिजेत.

एवढे कळले की बापाच्या युक्तीमागचे पुष्कळ कारण उलगडते. ताण अपुरा पडला आणि अवेळी पाऊस आला तर निरोप अर्धवट राहतो. डोळे फुटतात खरे, पण फुलांऐवजी नुसती नवती निघते. उलट ताण इतका ओढला की झाड उघडे पडले, तर निरोप लिहिणारेच उरत नाहीत. पाने काढून टाकलेल्या झाडाला फुले कमी येतात, हे प्रयोगांनी दिसले आहे. थोडी पाने गळेपर्यंतच ताण द्यावा, ही बागेतली मर्यादा शास्त्राच्या कसोटीला उतरते ती अशी.

फळ विरुद्ध फूल

बागवानाचे दुसरे जुने दुःख म्हणजे एक वर्ष झाड लदलदून येते आणि दुसऱ्या वर्षी रुसते. याचे कारण पूर्वी एकच सांगत : झाड थकते. ते खोटे नाही. फ्लोरिडात 'मर्कॉट' नावाचे संत्र्याचे वाण आहे. अतोनात फळ धरलेल्या वर्षी त्याची कित्येक झाडे अक्षरशः कोसळत. १९७६ साली तेथल्या शास्त्रज्ञाने या कोसळण्याचा अहवाल मांडला. सारे अन्न फळांनी ओढून घ्यावे आणि मुळे उपाशी राहावीत, असा तो प्रकार. वरून झाड सोन्याने मढलेले आणि खाली मुळे मरत असलेली! दुहेरी पाळ्या करून उत्पादनाचे आकडे फुगविणारी कारखानदारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या चित्रावर भाष्य नको.

पण थकवा ही सारी हकीकत नव्हे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया येथील आगुस्ती आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की फळाने लदलेल्या फांदीच्या पानांत एक विशिष्ट जनुक जागे असते आणि ते एफटीला दाबून धरते. म्हणजे फळ नुसते अन्न खात नाही. ते पानाला निरोप लिहू देत नाही. फळ नसलेल्या फांदीत त्याच जनुकावर जणू कुलूप पडते, आणि पान मोकळे होते. जनुकाची अक्षरे बदलत नाहीत. ते वाचावे की वाचू नये एवढीच खूण बदलते.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. आपल्याकडे व्यापारी उभा बहार विकत घेतो आणि भाव चढेल या आशेने पिकलेले फळ झाडावरच ठेवतो. फळ त्याचे, भाव त्याचा. पण झाड बागवानाचे. फळ जितके दिवस अधिक लटकते तितके पुढचे फूल मागे पडते. सौदा करताना तोडणीची तारीख लिहून घेणे ही नुसती पैशाची नव्हे, शास्त्राचीही बाब आहे. तसेच एका वर्षात दोन्ही बहार ओढण्याचा मोह आवरावा, हा जाणत्यांचा सल्ला आहे. आता त्याचे कारणही हाती आले आहे.

एकच पदार्थ, दोन कामे

फुलापासून फळापर्यंतची वाटही सोपी नाही. मोसंबीच्या प्रौढ झाडावर लाखाच्या घरात फुले येतात आणि त्यांतली शंभरात एकदोन फळाला जातात. बाकीची गळतात. कोणती टिकावी हे ठरविण्यात जिबरेलिन नावाच्या संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. त्याचा शोधही शेतातलाच. तैवानमध्ये भाताची रोपे एका रोगाने ताडमाड वाढून कोलमडत; १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखविले की हे काम बुरशीने स्रवलेल्या पदार्थाचे आहे. पुढे कळले की हा पदार्थ निरोगी वनस्पतीही स्वतः तयार करतात.

गंमत अशी की हा एकच पदार्थ दोन वेळी दोन उलट कामे करतो. डोळा फुलावर जाण्याच्या बेतात असताना जिबरेलिन फवारले तर फुले कमी होतात. हे इस्रायलमधल्या मोन्सेलिझे आणि हालेव्ही यांनी १९६४ साली दाखविले. पण फूल येऊन गेल्यावर तेच जिबरेलिन फळ टिकविते. बी नसतानाही फळ धरणाऱ्या सात्सुमासारख्या जातीत ते मुळातच अधिक असते. कोकणात हापूसला जे पॅक्लोब्युट्राझोल नावाचे औषध घालतात ते झाडाची जिबरेलिन बनविण्याची क्रियाच रोखते, म्हणून मोहर वाढतो. औषध कोणते याइतकेच ते केव्हा, हे महत्त्वाचे. दुकानदार पहिले सांगतो; दुसरे सांगणारा माणूस गावात असला पाहिजे.

झाडाचे बालपण

बियांपासून लावलेले संत्रे पाच-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, फुलावर येत नाही. म्हणून रोपवाटिकेतला कारागीर जंबेरीच्या खुंटावर प्रौढ झाडाचा डोळा भरतो. डोळा वयात आलेला असल्यामुळे ही वर्षे वाचतात. पण नवे वाण निर्माण करणाऱ्याला बियांवाचून गत्यंतर नाही. तीन पिढ्यांचा संकर करायचा म्हटला तर एका माणसाची नोकरी संपते.

स्पेनमध्येच मोंकादा येथील संस्थेत पेन्या आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली त्या मोहरीसारख्या तणातले फूल घडविणारे जनुक लिंबूवर्गीय रोपात घातले. वर्षाच्या आत त्या बालरोपांना फुले आणि फळे आली. २००५ साली जपानी गटाने संत्र्याचेच एफटी जनुक वापरून असाच परिणाम साधला.

ही नुसती नवलाई नव्हे. त्याच २००५ साली फ्लोरिडात 'ग्रीनिंग' हा रोग सापडला. एक चिमुकला कीटक तो झाडोझाडी नेतो, आणि रोगट झाड बरे करण्याचा खात्रीचा उपाय अद्याप नाही. २००३-०४ च्या हंगामात तेथे सुमारे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २०२३-२४ मध्ये दोन कोटींच्याही आत. वादळांनी त्यात भर घातली हे खरे, पण मुख्य घाव रोगाचा. हा रोग आपल्या देशातही आहे. त्याला तोंड देणारे वाण शोधायचे तर बियांपासून फुलापर्यंतची वर्षे कमी करणे हाच एक मोठा प्रश्न आहे. एका पेटीमागे तोडणारे, निवडणारे, भरणारे, वाहणारे किती हात असतात याचा हिशेब केला म्हणजे २४ कोटींवरून दोन कोटींवर येणे म्हणजे काय ते ध्यानात येते.

कारण कोणाच्या मालकीचे?

नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ साली स्थापन झाले. त्यालाच आता केंद्रीय संशोधन संस्थेचा दर्जा आहे. म्हणजे शास्त्र दाराशी आले आहे. तरी उंबरठा ओलांडायचा राहतोच. आणि आता तो ओलांडण्याची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे, कारण बापाची युक्ती ज्या ऋतूंवर उभी होती ते ऋतूच डळमळू लागले आहेत. मेमध्ये अवकाळी सरी येऊन ताण मोडतात. मृग कोरडा जातो आणि ताणलेले झाड पाण्याची वाट पाहत राहते. थंडी उशिरा येते. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात बोअरचे पाणी खोल गेले आहे. तेव्हा ताण वेळेवर तोडण्यासाठी लागणारे पाणी हाती असेलच असा भरवसा नाही.

ज्याला नुसती कृती ठाऊक आहे तो अशा वेळी अडतो. मृग म्हटल्यावर पाऊस, एवढेच त्याला शिकविलेले असते. ज्याला कारण ठाऊक आहे तो विचार करू शकतो : निरोप लिहून झाला आहे का? पाने पुरेशी शाबूत आहेत का? मागचे फळ अजून झाडावर आहे का? डोळा उघडण्यापुरते तरी पाणी राखून ठेवले आहे का? हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी बागेतून फेरी मारणाऱ्या माणसाचे डोळे लागतात, आणि काय पाहायचे हे त्याला ठाऊक असावे लागते.

कारखान्यात आमचा असा अनुभव आहे की यंत्र कसे चालते हे कामगाराला समजले म्हणजे अपघात कमी होतात, आणि शिवाय मालकाशी बोलताना त्याचा आवाज बदलतो. बागेत निराळे घडण्याचे कारण नाही. साक्स यांच्या वेलीपासून नाऱ्याच्या भातापर्यंत हा शोध अनेक देशांतल्या माणसांनी पुढे नेला. कोणी त्यासाठी छळ सोसला. पण ज्या झाडावर त्याची परीक्षा झाली ते झाड सांभाळून, त्याची नाडी ओळखून, त्याला ताण द्यायचा आणि तोडायचा कसा हे पिढ्यानुपिढ्या जपून ठेवले ते बागेत राबणाऱ्यांनी. ज्ञानाच्या या भांडवलात त्यांचाही भाग आहे. तो त्यांना त्यांच्याच भाषेत परत मिळाला पाहिजे. उन्हाळ्यात गावोगावी ताण सुरू होतो. त्या दिवसांत, झाडाखाली बसून, एक तास कारण सांगण्यात घालविला तर या वसंतातले हे व्याख्यान ज्यांच्या कामाचे आहे त्यांच्यापर्यंत पोचले असे आम्ही समजू.